एकच चंद्र, मग ईद दोन दिवशी का? हजार वर्षांपूर्वी अल्बेरुनीने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता

१० एप्रिल २०२४. केरळ, काश्मीर आणि लडाखमध्ये सकाळी ईदची नमाज झाली, गळाभेटी झाल्या, घरोघरी गोडधोड झालं. त्याच दिवशी मुंबई, पुणे, मालेगावात मात्र लोकांचा तिसावा रोजा सुरू होता. तिथे ईद झाली ११ एप्रिलला.

दरवर्षी असं काहीतरी होतं आणि दरवर्षी सोशल मीडियावर तेच प्रश्न फिरतात. चंद्र एकच आहे ना? मग ईद दोन दिवशी कशी? माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी अजून गच्चीवर उभं राहून चांद शोधायची गरज काय?

प्रश्न विचारणाऱ्याला गंमत वाटते, पण ज्याच्या घरी ईद आहे त्याच्यासाठी हा गमतीचा विषय नाही. रमजानचा रोजा विनाकारण सोडायला इस्लाममध्ये मनाई आहे आणि ईदच्या दिवशी रोजा ठेवायलाही मनाई आहे. म्हणजे एका दिवसाचा फरक पडला तर दोघांपैकी एकाच्या हातून चूक झाली, असं वाटणं साहजिक आहे. यावरून एकाच घरात वाद होतात, एकाच गल्लीतल्या दोन मशिदींत वेगवेगळ्या घोषणा होतात.

हा गोंधळ मोबाईलच्या जमान्यातला नाही. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने तो मुळापासून समजून घ्यायचा प्रयत्न केला होता. शाळेच्या इतिहासात महमूद गझनीच्या धड्यात त्याचं नाव एका ओळीत येऊन जातं. तो माणूस म्हणजे अबू रैहान अल-बिरुनी, आपल्याकडचा अल्बेरुनी.

आधी घोळ समजून घेऊ

इस्लामी महिना चंद्रावर चालतो. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. आता महिना साडेएकोणतीस दिवसांचा करता येत नाही. त्यामुळे तो कधी २९ दिवसांचा होतो, कधी ३० चा.

ठरवायचं कसं? तर २९ व्या दिवशी सूर्य मावळला की पश्चिमेला बघायचं. चंद्राची बारीक कोर दिसली तर नवा महिना लागला. नाही दिसली तर ३० दिवस पूर्ण करायचे. सोपा नियम आहे. पण कोर कुणाला दिसली पाहिजे? तुमच्या गावात, तुमच्या देशात, की जगात कुठेही?

हा प्रश्न अगदी सुरुवातीच्या पिढीतच उभा राहिला होता. हदीसच्या ग्रंथांत कुरैब नावाच्या माणसाची हकिगत आहे. तो कामासाठी मदिनेहून सीरियाला गेला होता. तिथे शुक्रवारी रात्री रमजानचा चांद दिसला. महिन्याच्या शेवटी तो मदिनेला परतला, तर मदिनेत चांद शनिवारी रात्री दिसला होता. प्रेषित मुहम्मदांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना त्याने सीरियातली बातमी सांगितली. इब्न अब्बास यांनी मात्र सीरियाचा चांद मदिनेसाठी धरला नाही.

पुढे याच हकिगतीचा आधार घेऊन शाफई परंपरेतल्या विद्वानांनी सांगितलं की, दूरच्या प्रदेशांचा चांद वेगळा धरावा. हनफी परंपरेतलं प्रसिद्ध मत मात्र असं की, एका ठिकाणी चांद दिसल्याचं सिद्ध झालं तर तो सगळ्यांना लागू. दोन्ही मतांच्या पाठीशी मोठमोठे विद्वान होते. पण चांद एका गावात दिसतो आणि दुसऱ्या गावात दिसत नाही, असं मुळात होतंच कसं? हे गणिताने सांगू शकणारी माणसं हवी होती. अल्बेरुनी त्यातला एक.

शहराबाहेरचा मुलगा

अल्बेरुनीचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ चा. ख्वारिझमची राजधानी असलेल्या काथ शहराच्या वेशीबाहेर तो जन्मला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो आणि त्या जुन्या काथच्या जागी असलेल्या शहराला आज त्याचंच नाव आहे. फारसीत बाहेरच्या भागाला बेरून म्हणतात. त्यावरून बिरुनी, म्हणजे बाहेरच्या वस्तीतला.

त्याला गुरू भेटला तो राजघराण्यातला. अबू नस्र मन्सूर हा मोठा गणिती होता आणि त्याने या पोराला हाताशी धरलं. विशीच्या आत-बाहेर असतानाच अल्बेरुनी सूर्याची उंची मोजून गावांचे अक्षांश काढायला लागला होता.

पण ९९५ मध्ये ख्वारिझममध्ये सत्तापालट झाला. काथचं घराणं संपलं आणि अल्बेरुनीला जीव वाचवून पळावं लागलं. पुढची काही वर्षं त्याने हालाखीत काढली. रय शहरात, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, एका ज्योतिषाशी त्याचा शास्त्रावरून वाद झाला. त्या माणसाने मुद्दा सोडून त्याच्या गरिबीची टर उडवली. पुढे अल्बेरुनीचे दिवस पालटले, तेव्हा तोच माणूस गोड बोलायला लागला. हे अल्बेरुनीनेच लिहून ठेवलंय.

दोन शहरं, एक ग्रहण

२४ मे ९९७ ला चंद्रग्रहण होतं. अल्बेरुनी तेव्हा काथमध्ये होता, वय अवघं २३. बगदादमध्ये अबुल वफा नावाचा नामांकित खगोलशास्त्रज्ञ होता. दोघांनी आधी ठरवून टाकलं की, आपापल्या शहरातून हेच ग्रहण बघायचं आणि वेळ नोंदवायची.

आयडिया साधी आणि जबरदस्त होती. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडणं. ते जिथून दिसतं तिथे सगळीकडे एकाच क्षणी दिसतं. पण त्या क्षणी प्रत्येक शहरात स्थानिक वेळ वेगळी असते. दोघांनी नोंदी ताडून पाहिल्या तर काथ आणि बगदादच्या वेळेत साधारण एका तासाचा फरक निघाला. त्यावरून दोन शहरांमधलं रेखांशाचं अंतर काढता आलं. ना टेलिफोन, ना तार, ना मनगटी घड्याळ.

ईदच्या चांदाशी याचा संबंध काय? थेट संबंध आहे. काथमध्ये सूर्य मावळतो तेव्हा बगदादमध्ये अजून दिवस असतो. बगदादमध्ये सूर्य मावळेपर्यंत चंद्राला सूर्यापासून दूर सरकायला आणखी एक तास मिळतो. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सूर्यापासून लांब जातो. म्हणजे त्याच संध्याकाळी पश्चिमेकडच्या शहरात कोर जरा जाड झालेली असते आणि जरा उंच असते. पूर्वेकडच्या शहरात न दिसलेला चांद पश्चिमेकडच्या शहरात दिसू शकतो आणि दोन्ही गावं खरं बोलत असतात.

आजच्या नकाशावर हेच बघा. मुंबई आणि मक्का यांच्यात साधारण ३३ रेखांशांचं अंतर आहे, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी एखादा अंश दूर जातो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कोर दिसण्यासाठी चंद्र सूर्यापासून कमीत कमी सात अंश तरी दूर लागतो आणि साध्या डोळ्यांना सहसा त्याहून जास्त. काठावरच्या संध्याकाळी तो एक अंशच निकाल लावतो. आखातात ईद बऱ्याचदा आपल्या आदल्या दिवशी येते, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

चांद असणं वेगळं, दिसणं वेगळं

साधारण १००० साली अल्बेरुनी कॅस्पियन समुद्राकाठच्या जुर्जान राज्यात पोहोचला. तिथल्या काबूस राजाच्या आश्रयाने त्याने एक भलामोठा ग्रंथ लिहिला. जगातल्या सगळ्या कालगणनांचा ग्रंथ. पारशी, ज्यू, ख्रिस्ती, ग्रीक, अरब, ख्वारिझमी... कोण दिवस कधी सुरू करतं, कोण महिना कसा मोजतं, कोणाचे सण कधी येतात, हे सगळं त्यात आहे. लिहिताना तो विशीतच होता.

याच ग्रंथात त्याने नव्या चंद्राचा प्रश्न घेतला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, कोर दिसण्याला एकच एक सरळ नियम लावता येत नाही. चंद्राचा वेग कधी जास्त असतो, कधी कमी. तो कधी पृथ्वीच्या जवळ असतो, कधी लांब. कधी सूर्याच्या उत्तरेला असतो, कधी दक्षिणेला. गावाचा अक्षांश बदलला की क्षितिजाशी होणारा कोन बदलतो. एवढं सगळं गणितात बसवलं तरी दोन गोष्टी उरतातच. एक म्हणजे हवा, कारण ती कुठे स्वच्छ असते तर कुठे धुरकट. आणि दुसरी म्हणजे बघणाऱ्याचे डोळे.

म्हणजे चंद्र आकाशात कुठे आहे हे गणित सांगू शकतं. तो तुम्हाला दिसेलच का, हे गणित छातीठोकपणे सांगू शकत नाही. चांदावरचे अर्धे वाद या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात आणि अल्बेरुनीने त्या वेगळ्या करून ठेवल्या.

त्याच्या काळात काही मंडळींनी वेगळा मार्ग काढला होता. आकाशाकडे बघायचंच नाही, तर सरासरी हिशोबाने कोष्टक बनवायचं आणि एक महिना ३० दिवसांचा, पुढचा २९ चा, असं चालवायचं. या कोष्टकात रमजान कायम ३० दिवसांचा येतो. अल्बेरुनीने यावर कडक टीका केली. सरासरी महिना आणि खरा महिना एक नसतात, कोष्टकं बनवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनाही हे ठाऊक असतं, असा त्याचा मुद्दा होता. खरा रमजान कधी २९ दिवसांचा असतो, कधी ३० चा.

ही कोष्टकाची पद्धत संपलेली नाही. इजिप्तच्या फातिमी परंपरेतून ती दाऊदी बोहरा समाजाकडे आली. ३० वर्षांचं चक्र, त्यात ११ वर्षांना एक दिवस जास्त आणि रमजान नेहमी ३० चा. त्यांच्यासाठी हा इमामांच्या परंपरेचा भाग आहे. त्यामुळेच मुंबईत भेंडी बाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात ईद बऱ्याचदा बाकीच्या शहराच्या एक-दोन दिवस आधी होते. त्यांना चांद दिसण्याची वाट बघावी लागत नाही. तारीख वर्षभर आधी ठाऊक असते.

महमूदाच्या दरबारात

जुर्जानहून अल्बेरुनी ख्वारिझमला परतला, तिथल्या शहाचा सल्लागार झाला. पण १०१७ मध्ये महमूद गझनीने ख्वारिझम जिंकलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं. त्यात अल्बेरुनीही होता. तो पाहुणा होता की कैदी, यावर आजही चर्चा होते.

ऑक्टोबर १०१८ मध्ये तो काबूलजवळच्या एका गावात होता. मनाची अवस्था वाईट, जवळ एकही उपकरण नाही. अशा वेळी त्याने हिशोबाच्या पाटीच्या मागच्या बाजूला अंशांची कमान आखली, ओळंबा लावला आणि त्यावर त्या जागेचा अक्षांश काढला. दुसऱ्या वर्षी लमघानमध्ये त्याने सूर्यग्रहण पाहिलं. तरुणपणी सूर्यग्रहणं नुसत्या डोळ्यांनी बघून आपली नजर अधू झाली, ग्रहण पाण्यातल्या प्रतिबिंबात बघावं, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. डोळ्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही यावर आयुष्यभर काम करणाऱ्या माणसाने त्यासाठी स्वतःच्या डोळ्यांची किंमत मोजली होती.

दरबारात शास्त्र बोलणं सोपं नव्हतं. तेराव्या शतकातल्या याकूत या लेखकाने एक किस्सा दिलाय. उत्तरेकडच्या लांबच्या मुलखातून एक दूत महमूदाकडे आला. त्याने सांगितलं की, समुद्रापलीकडे आम्ही असा प्रदेश पाहिला जिथे सूर्य मावळतच नाही. महमूद खवळला. सूर्य मावळत नसेल तर मगरिबची नमाज कधी पढायची? हा माणूस पाखंडी असणार, असं त्याला वाटलं. तेव्हा अल्बेरुनीने समजावून सांगितलं की, पृथ्वीच्या टोकाकडे असं होऊ शकतं. धर्माचे नियम एका अक्षांशावर बसून शिकलेल्या माणसाला दुसऱ्या अक्षांशावरचं आकाश खोटं वाटतं, एवढाच तो मामला होता. पण दूताच्या जिवावर बेतू शकलं असतं.

दुसरा प्रसंग त्याने स्वतः लिहिलाय. नमाजाच्या वेळा काढण्याचं एक उपकरण होतं. त्यावर रोमन लोकांचे महिने कोरलेले होते, म्हणून एका कट्टर माणसाने ते नाकारलं. परक्या धर्माच्या लोकांचं अनुकरण नको, असं त्याचं म्हणणं. अल्बेरुनीने त्याला टोला लगावला की, रोमन लोक जेवतात आणि चालतातही. मग तेही करणं सोडून दे. सूर्य सौर महिन्यांप्रमाणे चालतो, त्यामुळे सूर्यावर ठरणाऱ्या वेळांसाठी सौर महिनेच लागणार, हे त्या माणसाच्या लक्षात येत नव्हतं.

आपल्या पंचांगातही डोकं घातलं

महमूदाच्या राज्यामुळे अल्बेरुनीला भारताच्या वायव्य भागात फिरता आलं. तो संस्कृत शिकला, पंडितांना गाठलं, ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर यांचे ग्रंथ अभ्यासले. आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढून क्षितिज किती खाली झुकतं ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली.

१०३० च्या सुमारास त्याने भारतावरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात तिथी कशी मोजतात, अधिक महिना का येतो, हे सगळं आहे. दोन्हीकडे महिना चंद्राचाच. फरक एवढाच की हिंदू पंचांग अधिक महिना घालून सण ऋतूंना धरून ठेवतं. इस्लामी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असल्याने ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. म्हणून ईद कधी उन्हाळ्यात येते, कधी पावसाळ्यात. सोमनाथाच्या नावातला सोम म्हणजे चंद्र, हे सांगून त्याने तिथल्या भरती-ओहोटीचा चंद्राशी असलेला संबंधही मांडला. वाटेवरच्या प्रदेशांच्या यादीत मराठ्यांचा देश येतो, कोकण येतं आणि कोकणची राजधानी म्हणून ठाणंही येतं.

आणि याच ग्रंथात, महमूदाच्या राज्यात राहून, त्याने स्पष्ट लिहिलं की महमूदाच्या स्वाऱ्यांनी इथली भरभराट धुळीला मिळवली आणि त्यामुळे हिंदूंच्या विद्या जिंकलेल्या मुलखातून दूर निघून गेल्या.

आपल्याला दोन ईदांचं हसू येत असेल तर थोडं घरातही बघू. स्मार्त आणि भागवत एकादशी दोन दिवशी येतात की नाही? २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन काहींनी ३१ ऑक्टोबरला केलं, काहींनी १ नोव्हेंबरला. अमावस्या तीच होती. कोणत्या गावाचा सूर्यास्त आणि कोणता नियम धरायचा, यावरून तारखा बदलल्या.

शेवटपर्यंत प्रश्न

१०३० मध्ये महमूद गेला. त्याचा मुलगा मसूद याच्या नावाने अल्बेरुनीने खगोलशास्त्राचा महाग्रंथ लिहिला. नवी कोर कधी दिसू शकेल याचं गणित त्यातही आहे. मसूदाने बक्षीस म्हणून हत्तीभर चांदी पाठवली आणि त्याने ती परत केली, अशी कथा सांगतात. १०३६ च्या सुमारास त्याने स्वतःच्या ग्रंथांची यादी केली, तेव्हा आकडा शंभरच्या पुढे गेला होता.

१०५० च्या आसपास गझनीतच त्याचा मृत्यू झाला. शेवटच्या घटका मोजत असताना भेटायला आलेल्या एका कायदेपंडिताला त्याने वारसाहक्काचा एक अडलेला प्रश्न विचारला म्हणे. या अवस्थेत कशाला, असं त्या पंडिताला वाटलं. पण न समजता मरण्यापेक्षा समजून मेलेलं बरं, असं अल्बेरुनीचं म्हणणं पडलं. पंडित उत्तर देऊन बाहेर पडला आणि रस्त्यावर पोहोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

मग आज प्रश्न सुटला का?

गणिताचा भाग सुटलाय. पुढच्या शंभर वर्षांतली प्रत्येक अमावस्या आज मिनिटापर्यंत सांगता येते. त्या जोरावर तुर्कस्तानने गणितावर आधारित कॅलेंडर स्वीकारलं. उत्तर अमेरिकेतल्या फिक्ह कौन्सिलनेही २००६ पासून गणित धरलं. सौदी अरेबियात सरकारी कामासाठी गणिताचं कॅलेंडर आहे, पण रमजान आणि ईदसाठी चांद पाहिल्याच्या साक्षी घेतल्या जातात. भारतात ठिकठिकाणच्या हिलाल समित्या साक्षी तपासून घोषणा करतात.

उरलेला भाग गणिताचा नाहीच. डोळ्यांनी दिसणं आवश्यक मानायचं की हिशोब पुरेसा आहे? दिल्लीचा चांद केरळला लागू करायचा का? मक्केचा चांद मालेगावला चालेल का? हे माणसांनी एकत्र बसून ठरवायचे नियम आहेत. वेगवेगळ्या समाजांनी ते वेगवेगळे ठरवले आणि म्हणून तारखाही वेगळ्या येतात. यात कुणाचा चंद्र खोटा नसतो.

त्यामुळे पुढच्या चांद रातीला तुमच्या ग्रुपवर एकच चंद्र आणि दोन ईदा असा जोक आला, तर त्याखाली काथ आणि बगदादची गोष्ट टाका. आणि शेजाऱ्यांकडची ईद तुमच्या हिशोबाच्या एक दिवस आधी आली, तर शिरखुर्मा त्या दिवशी खा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी परत मिळेलच.